चौघांची हजेरी

माझा नवरा न्हावी. तीन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दहा दिवस फुकट शिकवलं आणि अकराव्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "आता जिम लावा. दोरी ओढायचं मशीन असतं ना, त्यावर रोज. सहा महिन्यांत जेवढा हात सुटेल तेवढाच सुटेल, असं धरून चाला." दुकानातल्या भागीदाराने ह्याची खुर्ची रिकामी ठेवली होती, पण तीही सहा महिन्यांपुरतीच.

मग मी जिम शोधायला निघाले. मी, जिने फडताळावरचा डबा काढण्यापलीकडे कधी हात वर केला नाही! एका ठिकाणी फी ऐकून मी "बाथरूम कुठे आहे?" असं विचारलं आणि तिकडूनच सटकले. दुसरीकडे स्वस्त होतं, तर दोरीचं मशीनच बंद. तिसरीकडे भरदुपारची वेळ, तेव्हा मी लॉन्ड्रीत कामाला असते, ह्याला नेणार कोण? आणि सगळीकडे एकट्या माणसाला वर्षाची फी एकदम हवी. आम्ही महिन्याचं महिन्याला बघणारी माणसं, वर्ष कुठून आणायचं?

चौथ्या जिममध्ये फॅमिली प्लॅन होता. चौघांची फी, महिन्याच्या महिन्याला. जमण्यासारखी होती. अट एकच, चौघांनीही महिन्यातून निदान बारा दिवस यायचं. एकाची जरी हजेरी कमी पडली तर प्लॅन बंद आणि वर्षभर पुन्हा मिळणार नाही.

"लोक एकासाठी चौघांची नावं लावतात हो," मॅनेजर म्हणाला.

"काय तरी बाई लोक!" मी म्हणाले. आम्ही तेच करत होतो.

दारात हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र होतं. माझा अंगठा घेईचना. तीस वर्षं ओल्या चादरी आणि तापलेली इस्त्री, अंगठ्यावर रेष म्हणून उरलेली नाही. मॅनेजरने फडक्याने पुसून पुसून पाचव्यांदा कसाबसा घेतला.

मग सुरू झाली आमची वरात. लेक क्लासवरून परस्पर यायची आणि चालायच्या पट्ट्यावर पुस्तक धरून परीक्षेचं घोकायची. सासूबाई सायकलवर नुसत्या बसायच्या. "ही जागची हलत नाही, मग मी पाय का झिजवू?" हा त्यांचा सवाल. मी दहा तास उभं राहून आलेली, चटई दिसली की आडवी. शिकवणाऱ्या पोराने एकदा विचारलं, "काकू, हा कुठला व्यायाम?" म्हटलं, "पाठीचा."

पण नवरा ओढत होता. दात आवळून, घामाघूम होऊन. पहिल्या आठवड्यात दोरी हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात एक वजन उचललं. पंचविसाव्या दिवशी घरी त्याने कंगवा उचलला, बोटांत धरला आणि आईच्या केसांतून एकदा फिरवला. सासूबाई रडायला लागल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. किती दिवसांनी जिवात जीव आला होता.

महिना संपला तेव्हा सगळ्यांबरोबर फी घेऊन गेले. मॅनेजरने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं. "तुमची हजेरी तीन दिवस."

"माझी? मी रोज येते! तुम्ही बघता की मला!"

"अंगठा लागलेला नाही."

"रोज लावते. लाल दिवा लागतो, मग आत येते."

"काकू, लाल म्हणजे घेतला नाही. हिरवा लागायला हवा."

आमच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या प्रेसवर लाल दिवा लागला की समजायचं, यंत्राने काम धरलं. हिरवा म्हणजे रिकामं. तीस वर्षं मी लाल बघून पुढे सरकत आले. दार सासूबाईंच्या अंगठ्याने उघडलेलं असायचं, मी पाठोपाठ आत.

मी हात जोडले. शिकवणाऱ्या पोराने साक्ष दिली. सासूबाईंनी मॅनेजरचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. तो वाईट माणूस नव्हता, तेच वाईट झालं. त्याने वरच्या ऑफिसला फोनसुद्धा लावला. मग खाली बघत म्हणाला, "सिस्टिमनेच बंद केलाय. काकांचं एकट्याचं वार्षिक करता का?"

पुढच्या आठवड्यात मी आणखी पाच जिम पालथ्या घातल्या. दोरी मागितली की वर्षाची फी सांगत. खिडकीच्या गजाला दोर बांधून बघितला, तर गजच वाकला. कंगवा दोनदा हातातून पडला, तिसऱ्यांदा त्याने उचललाच नाही.

आज कामावरून आले तर तो डाव्या हाताने फोन धरून भागीदाराशी बोलत होता. "खुर्चीवर दुसरा माणूस बसव... नाही रे, वाट नको बघूस. गिऱ्हाईक तुटतं."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. मी दारातच उभी राहिले. 'मूर्ख बाई, एकदा विचारता येत नव्हतं?' असं तो म्हणेल, याची मी आठवडाभर वाट बघत होते. शिवी दिली असती तरी मी उभ्याउभ्या ऐकून घेतली असती.

"दमली असशील," तो म्हणाला. "बस."

मी बसले.