हात लावायचा खांब

मी खांब बोलतोय. देवळातला नाही, कुणी घडवलेला नाही आणि कशाला आधार दिलेला तर मुळीच नाही. जमिनीखाली चुनखडीची एक गुहा आहे. तिच्या जिन्याच्या एकशे बाराव्या पायरीशी, उजव्या हाताला उभा आहे तो मी. शाळेच्या पुस्तकात माझ्या जातीला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. ते नाव घेताना मुलांची बोबडी वळते, म्हणून इथे सगळे मला 'हात लावायचा खांब' म्हणतात. खरं सांगू का, मी दमलोय. बसायची सोय असती तर केव्हाच बसलो असतो.

माझा जन्म असा एका दिवसाचा नाही. वरच्या माळावर पाऊस पडतो, पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतं आणि येताना चिमूटभरही नाही इतका चुना सोबत आणतं. थेंब आधी छताला लटकतो, तिथे थोडा चुना ठेवतो, मग पडतो आणि उरलेला माझ्या डोक्यावर ठेवतो. असं करत वरून एक खांब खाली येत होता आणि खालून मी वर जात होतो. किती वर्षं, ते विचारू नका, मला स्वतःला आठवत नाही. आम्हा दोघांना काम एकच होतं, एकमेकांना भेटायचं. भेटलो की छतापासून जमिनीपर्यंत एक अखंड खांब झाला असता. माणसं आली तेव्हा आमच्यात बोटभर अंतर उरलं होतं.

पहिला आला तो पाथरवट. वरच्या खाणीत पहार मारताना ती त्याच्या हातातून निसटून थेट आमच्यात येऊन पडली. पहार परत हवी म्हणून त्यानं भोक मोठं केलं, कमरेला दोर बांधला आणि कंदील घेऊन खाली उतरला. तरुण होता, भुवयांवर पांढरी भुकटी बसलेली. कंदील वर धरून त्यानं सगळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथे तर आधीच कुणीतरी काम करून गेलंय." एवढं बोलून तो बराच वेळ नुसता उभा राहिला. पहार न्यायची राहूनच गेली, ती दुसऱ्या दिवशी नेली.

मग बातमी फुटली, जिना झाला, दिवे आले आणि लोक यायला लागले. बाहेरचं मी काही पाहिलेलं नाही, लोकांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. वर म्हणे एक नदी आहे, ती चालता चालता जमिनीत शिरते आणि पुन्हा दिसत नाही. खडकाच्या फटींतून नेच्याची झाडं डोकावतात. चुना भाजायची जुनी भट्टी आहे, चुना न लावता नुसते दगडावर दगड रचलेले बांध आहेत, खाणकामगारांची दगडी घरं आहेत. पाथरवटाचा छोटा कारखाना आहे, तिथे खल, दिवे आणि वाडगे घडवतात. हे सगळं बघून, चहा पिऊन, पाय दुखायला लागले की लोक शेवटी आमच्याकडे येतात. त्यामुळे आमच्या वाट्याला येतात ते निम्मे कंटाळलेले असतात.

आणि माणसाच्या हाताला स्वस्थता नाही. 'हात लावू नका' अशी पाटी लावली, तर पाटीलाच हात लावून बघायचे. कुणी छताला लटकणारी चुन्याची पोकळ नळी मोडून खिशात घातली, कुणी ओल्या भिंतीवर आपलं आणि हिचं नाव कोरलं. माणसाच्या हाताला तेलकटपणा असतो. तो एकदा लागला की आमचा पांढरा रंग काळवंडतो आणि मग काही केल्या जात नाही. दोन वर्षांत दाराजवळचे पाच-सहा खांब चुलीजवळच्या भिंतीसारखे दिसायला लागले.

तेव्हा पाथरवटानं ही युक्ती काढली. लोकांना घेऊन तो माझ्यापाशी थांबायचा आणि सांगायचा, "हे बघा, हात शिवशिवणारच. मग एकालाच लावा, पोटभर लावा, घासा, मिठी मारा. बाकीच्यांकडे हात न्यायचा नाही." युक्ती लागू पडली. बाकीचे वाचले. माझी निवड का झाली म्हणाल, तर मी पायरीच्या जवळ होतो एवढंच. माझ्या अंगी दुसरा काही गुण नव्हता.

तेव्हापासून किती हात लागले याला गणती नाही. घामेजलेले, अंगठ्यांचे, बिस्किटाचा चुरा लागलेले. एक जाडजूड गृहस्थ माझ्यावर रेलून बुटातला खडा काढत बसले होते. एका नवऱ्यानं बायकोला सांगितलं, "बघ, तुझ्या आईसारखा आहे, हलत नाही." आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, हात लावून म्हणतो, "गार आहे." अहो, जमिनीखालचा दगड गार नसेल तर काय असेल. पण आपण पहिल्यांदाच शोध लावला असा चेहरा करून माझ्याकडे बघतात आणि मग पुढच्याला सांगतात.

पाथरवट मात्र मला विसरला नाही. वर्षातून एकदा, गुहा झाडझुडीसाठी बंद असायची तेव्हा, तो एकटा खाली यायचा आणि वरच्या खांबाच्या आणि माझ्या मधल्या फटीत तर्जनी घालून बघायचा. त्याच्याकडे मापं होती, पट्ट्या होत्या, पण या एका कामाला त्याला बोटच लागायचं. सुरुवातीला बोट सहज जायचं. पुढे अडकायला लागलं. एका वर्षी तर पेराशी येऊन थांबलं आणि आत गेलंच नाही. त्या दिवशी तो स्वतःशीच हसला. दुसऱ्या दिवसापासून लोकांना सांगायला लागला, "हे दोघं माझ्या हयातीत भेटणार, लिहून ठेवा."

मला सगळं समजत होतं. अंतर तसूभरही कमी झालेलं नव्हतं. आयुष्यभर हातोडी धरून त्याच्या बोटांची पेरं सुजली होती. बोट जाड झालं होतं. पण खांबाला तोंड कुठे असतं.

आणि अंतर कमी होणार तरी कसं? त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. माझं काळं पडलेलं अंग बघून पाथरवटाला अपराधी वाटायचं. त्याच्या कारखान्यात वाडगा घडवून झाला की त्यावर मधमाश्यांचं मेण चोळतात, म्हणजे डाग धरत नाही. एका वर्षी तो मेण आणि फडकं घेऊन खाली आला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत चोळून काढलं. अर्धा दिवस लागला त्याला. "आता तुला कुणाचा मळ चिकटायचा नाही," असं म्हणाला. मळ चिकटेनासा झाला हे खरं. पण थेंबही टिकेनासा झाला. माझ्या डोक्यावर पडायचा आणि सर्रकन ओघळून पायाशी जायचा. पुढे दर वर्षी तो नेमानं मेण लावत राहिला. रागावू कुणावर? मला त्याच्याइतकं कुणी जपलं नव्हतं.

वय झालं, गुडघे गेले, डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं, तसं त्याचं खाली येणं बंद झालं. मग त्याची मुलगी लोकांना आणायला लागली. ती वर वाडगेही घडवते, खाली गुहाही दाखवते. सगळे तिला ताई म्हणतात. मेण लावायचं तिनं सोडलं, कारण तिला वेळच नसायचा. पण वर जाताना बापासाठी दर वर्षी एक वाक्य घेऊन जायची, ते जिन्यातून मला ऐकू यायचं. "बाबा, यंदा आणखी जवळ आलेत." तिनं फटीकडे पाहिलेलंही नसायचं.

परवा-परवा गुहांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई पाहणीसाठी आल्या. डोक्याला दिवा, हातात भिंग. माझ्या डोक्यावर पडलेला थेंब त्यांनी चार वेळा पाहिला आणि ताईला म्हणाल्या, "हा थांबलाय. कितीतरी वर्षं वाढ नाही. यावर मेणाचा थर आहे, कुणी लावलं हे?"

ताईनं वर जिन्याकडे पाहिलं.

"थांबलेलाच आहे, तर आम्ही कापून नेऊ," बाई म्हणाल्या. "आतली वलयं वाचली की हजारो वर्षांचा पाऊस कळेल. पण ज्यांनी गुहा शोधली त्यांची संमती लागेल. पंधरा दिवसांत कळवा."

मला विचाराल तर मी मनातल्या मनात सुटलो. कापा एकदाचं. निदान कुणी येऊन गार आहे म्हणायचं नाही. बाई गेल्यावर ताई मात्र समोरच्या पायरीवर बसून राहिली. "बाबांना काय सांगू मी," एवढंच ती म्हणत होती, आणि ते तिनं तीन-चारदा म्हटलं.

चौदाव्या दिवशी ती त्याला घेऊन आली. गुहा बंद होती. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं मुलीचा खांदा, असा तो एकशे बारा पायऱ्या उतरला. दम खायला आठ वेळा थांबला. माझ्यापाशी येऊन त्यानं तळहात ठेवला आणि गार आहे असं म्हणाला नाही, याचंच मला बरं वाटलं.

"कापायचा म्हणतात?"

"हो बाबा. थांबलाय म्हणतात."

"थांबलाय कसा? माझं बोट जात नव्हतं." त्यानं चाचपडत फट शोधली आणि बोट लावलं. ते पेराशीच अडलं. "बघ. आता तू घालून बघ, म्हणजे त्या बाईंना तसं सांगता येईल."

ताईनं बोट घातलं. ते आरामात आत गेलं, आत हलवायलाही जागा होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही जात, बाबा."

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण हात पाथरवटाचे होते. त्यानं तिच्या कोपरापासून हात पुढे सरकवत नेला, मनगट, मूठ, आणि बोटापर्यंत आला. बोट दोन पेरं आत होतं. वरचा थेंब पडला आणि ओघळून गेला, तेवढाच आवाज झाला.

"पहिल्यापासून असंच आहे?" त्यानं विचारलं.

"हो. तुमची बोटं सुजलीत, बाबा."

"आणि हा का थांबला?"

त्यानं माझ्या खांद्यावर अंगठा घासला आणि नाकाशी नेला. मग हळूहळू पायरीवर बसला.

"मेण," तो म्हणाला. "मीच की."

"तुम्ही जीव लावून केलंत."

"जीव लावून केलं म्हणून काय झालं? थांबवला तो मीच. वरून लोकांना सांगत बसलो, हयातीत भेटतील म्हणून."

तिला रडू आलं. मलाही वाईट वाटलं, अगदी मनापासून. सुटकेची माझी घाई तिथेच ओसरली. मला कापून नेलं असतं, तर हा माणूस घरी जाऊन उरलेले दिवस त्याच एका विचारात बसला असता. हातांचा कंटाळा मी आणखीही सोसला असता, पण हे नको वाटलं.

शेवटी तो म्हणाला, "वरून बारीक टाकी आण. आणि छोटी हातोडी."

"बाबा, इथे टाकी चालवायची परवानगी नाही."

"मेण लावायची होती का?"

ती गेली आणि घेऊन आली. तिनं दिवा धरला, त्याचा हात माझ्या डोक्यावर नेऊन ठेवला. तो म्हणाला, "जातं गुळगुळीत झालं की दाणा घसरतो, मग त्याला टाकी लावतात. इथे थेंब घसरतोय. काम तेच आहे." आणि त्यानं काम सुरू केलं. डोळे मिटूनच करत होता, नाहीतरी उघडून उपयोग नव्हता. टक, टक, टक. प्रत्येक ठोक्यानंतर थांबून बोटानं चाचपायचा, मग पुढचा. तळहाताएवढी जागा त्यानं खरखरीत केली, त्याहून एक ठोका जास्त मारला नाही. दुखलं का? दुखलं. पण इतक्या वर्षांत माझ्यासाठी काम करणारा हात तो एकच होता.

ताईनं भुकटी फुंकून काढली आणि दोघं थेंबाची वाट बघत उभे राहिले. उन्हाळ्याचे दिवस, थेंबाला वेळ लागत होता. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत धरून ठेवले.

थेंब पडला.

"थांबला का?" त्यानं विचारलं.

"थांबलाय."

थोड्याच वेळापूर्वी याच पायरीवर तिला खोटं बोलताना त्यानं पकडलं होतं. हात पुढे करून बघता आलं असतं, एका बोटाचं काम होतं. त्यानं हात पाठीमागेच ठेवले.

"बरं," तो म्हणाला. "मग त्यांना कळव, हा देणार नाही म्हणून."

त्यानंतर तो खाली आला नाही. पाहणीच्या बाई मात्र आल्या. टाकीचे घाव बघून त्यांनी ताईला चांगलंच फैलावर घेतलं, मग भिंग लावून ओल्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काही वर्षं असू दे म्हणाल्या. आता माझ्याभोवती दोरी आहे. हात लावायला दाराशी पाथरवटाच्या हातचा एक मोठा वाडगा ठेवलाय, लोक त्यालाच घासतात, त्याला काही होत नाही. मी वाढतोय का, हे आज जिवंत असलेल्या कुणालाही कळायचं नाही. मलासुद्धा नक्की सांगता येत नाही.

माळ बघायला आलात तर खालीही या. दोरीपाशी उभे राहा, ताईला काय विचारायचं ते विचारा. ती सांगेल, अजून ओला आहे. पुष्कळांचा हात तेव्हा आपोआप दोरीपलीकडे येतो, खरं की खोटं बघायला. तुमचा तेवढा येऊ देऊ नका. ती ओला आहे म्हणाली, तर ओला आहे.