तात्पुरता आवाज

"हा टेक ठेवा," ताई म्हणाली. "शूटिंगला कधी दिला कोण जाणे, पण झकास आलाय."

डबिंगच्या खोलीत पडद्यावर ताईचाच चेहरा अर्धवट उघड्या ओठांनी थांबला होता. ध्वनिमुद्रकाने दिग्दर्शकाकडे पाहिलं, दिग्दर्शकाने चहाच्या कपात.

"ताई, हा टेक तुमचा नाही," दिग्दर्शक शेवटी म्हणाला.

"मग काय भुताचा?"

"माझा," मागच्या खुर्चीतून धाकटी बहीण म्हणाली.

ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा शूटिंग संपलं होतं, संवाद भरायचे राहिले होते. संकलन अडू नये म्हणून धाकटीने तात्पुरता आवाज दिला होता. तो पुसून तिथे ताईने आपला भरायचा, असं ठरलेलं. ताईची प्रत्येक भूमिका घरी धाकटीच पाठ करून घ्यायची, त्यामुळे तिला काही जड गेलं नव्हतं. पण खुद्द ताई फसेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मराठी सिनेमात ताई टिकली होती ती चेहऱ्यापेक्षा आवाजावर.

"नक्कल बरी करते हो आमची धाकटी," ताई हसली. हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "लावा. मी देते."

ती काचेपलीकडे गेली. वाक्य साधं होतं: ‘जा तू. मागे वळून पाहिलंस तरी मी इथे नसेन.’ ओठ जुळले, वेळही जुळली. मग ध्वनिमुद्रकाने ते मोठ्या स्पीकरवर लावलं.

‘मागे’वर आवाज चिरला. पुढे शब्द कमी आणि हवाच जास्त. ऑपरेशननंतर ताई स्वतःला पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होती.

"परत."

दुसरा टेक आणखी वाईट आला. ताई काचेमागून बाहेर आली.

"तुम्ही म्हणाल तर तुमचाच ठेवू," दिग्दर्शक म्हणाला. "शब्द देतो."

ताईने धाकटीकडे पाहिलं. ‘तू म्हणशील तसं’ हेच ती म्हणणार, याबद्दल ताईच्या मनात शंका नव्हती.

"माझाच राहू दे," धाकटी म्हणाली.

"काय?"

"तुला स्वतःला कळलं नाही, ताई. लोकांना काय कळणार? पण मी त्यांना सांगणार आहे. पडद्यावर माझं नाव हवंय."

कानफटात बसावी तसं ताईला झालं. इतक्या वर्षांत धाकटीने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. तिला काही हवं असेल, हेही ताईच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तोंडात कडू काहीतरी आलं. ते तिने गिळलं. घसा दुखला.

"भांडणाच्या सीनमध्ये तू घाई केलीयस," ती म्हणाली. "तिथे मी रडू आवरतेय. तेवढा परत दे."

"म्हणजे… ठेवायचा?"

"घाई केलेला नाही ठेवायचा. जा आत."

धाकटी आत गेली. ताई डबिंगच्या खोलीबाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जाड दार मागे आपोआप मिटलं. आता आत धाकटीच्या तोंडून आपण काय बोलतोय, ते तिला ऐकू येत नव्हतं.