फळ्यासाठी केलेली तिवई

मी एक जुनी, बुटकी तिवई आहे. उंची जेमतेम वीतभर आणि पाय तीन. मित्रांनो, तीन पायांना हसू नका. चार पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही. मला घडवणारा सुतार हे अभिमानाने सांगायचा.

त्याची थोरली लेक वर्गात सगळ्यांत बुटकी. बाई गणित सोडवायला पुढे बोलवायच्या, पण फळ्याच्या वरच्या ओळीला हिचा हात पोचायचा नाही आणि मुलं फिदीफिदी हसायची. तिने शाळेचं नावच टाकलं, तेव्हा बापाने कामावरचं उरलेलं लाकूड आणून एका बैठकीत मला तयार केलं. दुसऱ्या दिवसापासून ती मला काखोटीला मारून शाळेत न्यायची. माझ्यावर उभी राहून ती भागाकार शिकली. बाईंनी शाबासकी दिली ती तिला, पण थोडी मीही घेतली.

पुढच्या वर्षी बाप बांधकामावर परांचीवरून पडला. कंबर गेली ती गेलीच. आईने गल्लीतल्या शर्टांच्या कारखान्यात काम मागितलं. शिवलेल्या शर्टांचे लोंबते धागे कात्रीने कापायचं काम. मुकादमाने तिच्या बोटांकडे पाहून नकाराची मान हलवली. लहान बोटं भराभर चालतात आणि लहान तोंडं पगार वाढवून मागत नाहीत, हे तो पुरतं ओळखून होता. पोरीला पाठवा, म्हणाला.

"एकच वर्ष," आई लेकीला म्हणाली. "बाबा उठले की परत शाळा."

कारखान्यातलं टेबल मोठ्यांच्या उंचीचं, म्हणून तिच्याबरोबर मीही गेले. सकाळी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ती माझ्यावर उभी असायची. तिचे पाय सुजलेले मला आधी कळायचे. शेजारी आणखी पाच मुली, कुणाच्या पायाखाली खोका, कुणाच्या पायाखाली पालथा डबा. संध्याकाळी ती मला घरी न्यायची. बाप अंथरुणावरून धाकटीला सांगायचा, ही तिवई फळ्यासाठी केलीय, तूही हिच्यावर उभी राहून गणितं सोडवशील. थोरली मान डोलवायची. धाकटीला कारखान्याची पायरी चढू द्यायची नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

एकदा तपासणीचे साहेब आले. मुकादमाने मुलींना घाईघाईने गोदामात शर्टांच्या ढिगाआड दडपलं, पण गडबडीत आम्हाला उचलायचं विसरला. टेबलापुढे आमची रांग तशीच. माझ्या अंगावर तिच्या पावलांचे झिजलेले खळगे होते, एवढे एवढेसे. आता साहेबांना कळणार, असं मला वाटलं. साहेबांनी विचारलं, हे कशाला?

"पाय टेकायला, साहेब. उभं राहून बायकांची कंबर धरते."

कामगारांची चांगली काळजी घेता, असं म्हणत साहेब माझ्यावरच बसले आणि चहा पिऊन गेले. आयुष्यात मला मिळालेलं हे दुसरं कौतुक. लाकडाला वाचा नसते, याचं एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

एका वर्षाची चार वर्षं झाली. बाप उठला नाही. थोरली मात्र उंच झाली. एके दिवशी टेबल तिच्या कमरेला लागलं, तशी हरखून तिने मला घरी आणलं आणि धाकटीच्या हवाली केलं. महिनाभर मी पुन्हा शाळेत गेले. खडूची भुकटी अंगावर पडली की बरं वाटायचं.

मग मुकादमाने थोरलीची बोटं पाहिली. ती आता आईच्या बोटांसारखी जाड झाली होती. त्याने धाकटीचं वय विचारलं. थोरली त्याच्याशी दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी त्याने, धाकटी नाही तर तुलाही काम नाही म्हणून सांगितलं. आठवडाभर घरात चूल धड पेटली नाही.

सोमवारी थोरलीनेच मला उचललं, दुसऱ्या हातात धाकटीचा हात. टेबलापुढे मला ठेवलं, धाकटीला वर चढवलं आणि तिच्या बोटांत कात्री अडकवली. बोटं कशी धरायची, ते दाखवलं. धाकटीने इकडेतिकडे बघितलं.

"ताई, फळा कुठंय?"

थोरली बाहेर गेली.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला मोडा असंही नाही, कारण उद्या तिथे खोका येईल. कुठल्याही उंच टेबलाशी अशी बुटकी तिवई दिसली, तर बसण्याआधी तिच्यावरचे खळगे तेवढे हाताने चाचपून बघा. आता माझ्यावर जुन्या खळग्यांच्या आत नवे, त्याहून लहान खळगे पडायला लागले आहेत.