एक एप्रिलची पहिली फेरी

एप्रिल लागला की गेबहार्ड कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याची लाल स्पोर्ट्स कार हिवाळाभर गॅरेजमध्ये गोधडी पांघरून झोपते. नंबरप्लेटच्या कडेलाच महिने छापलेत, एप्रिल ते ऑक्टोबर. तेवढेच महिने तिने रस्त्यावर यायचं. कर आणि विमासुद्धा तेवढ्यापुरताच. जर्मनीतल्या ऑल्गॉयच्या त्या डोंगराळ गावात असे हौशी म्हातारे बरेच आहेत, आणि एक एप्रिलला सकाळी सकाळी सगळ्यांच्या गॅरेजची दारं उघडतात. कायद्याने रस्ता उघडला म्हणजे थंडी गेली, असं या शहाण्यांना वाटतं. थंडीला हा कायदा कोणी वाचून दाखवलाय का, ते मात्र विचारायचं नाही.

त्याची बायको वाल्बुर्गा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. शेजारच्या छपरावर दव गोठून पांढरं झालं होतं.

"गेबहार्ड, जरा ऊन वर येऊ दे. मग निघ."

"दरवर्षी मी न्याहारीच्या आधी निघतो."

"दरवर्षी तुझी छाती उघडून शिवलेली नसते."

यावर तो नुसता हसला. जानेवारीत त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आत नेताना माणसं काय काय बोलतात, मुलाबाळांचं, घरादाराचं. हा तिला म्हणाला, "बुर्गल, एप्रिलला पहिली फेरी. खिंडीतल्या खानावळीत कॉफी. तयार राहा." ती त्या एका वाक्यावर सगळा हिवाळा तगली होती. आता डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं होतं, आणि त्याला नको म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. पण ऑपरेशनच्या टेबलावरून परत मिळालेला माणूस एखाद्या वळणावर घालवायचा की काय?

"टायर उन्हाळी आहेत तुझे," तिने शेवटचं सांगून पाहिलं. "अशा गारठ्यात ते रबर दगड होतं. माझ्या गाडीला अजून हिवाळी टायर आहेत. ईस्टर झाल्याशिवाय ते काढत नाहीत."

"तुझी गाडी म्हणजे दुधाचा डबा. तिला काय कळतंय?"

"त्या डब्यातूनच तुला दवाखान्यातून घरी आणलं."

त्याने किल्ली काही खाली ठेवली नाही. तेव्हा वाल्बुर्गाने मुकाट्याने कोट चढवला.

गॅरेजमध्ये गोधडी निघाली, बॅटरी जोडली गेली. गेबहार्ड आत बसायला गेला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला धडकले.

"माझी सीट कोणी पुढे ओढली?"

"मला काय ठाऊक. मांजर बसलं असेल."

"मांजर सीट ओढतं?"

"तुमच्या घराण्याचं मांजर आहे, काहीही करेल."

पुटपुटत त्याने सीट मागे सरकवली. इंजिनाने पहिला हुंकार दिला आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बघून वाल्बुर्गाचा राग निम्मा उतरला. काय करायचं या माणसाचं? गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर ऊन होतं. तो हळू चालवत होता, गुणगुणत होता. तीही जरा सैलावली.

मग जंगल लागलं. तिथल्या वळणावर उन्हाचा कवडसाही पोचत नाही. गेबहार्डने वेग कमी केला, वळण नीट घेतलं, आणि वळणातून बाहेर पडता पडता सवयीने जरासा पाय दाबला. हातून झालं ते एवढंच. सगळी ताकद मागच्या चाकांत, चाकं गार, खाली रात्रीचं गोठलेलं पाणी. गाडीची मागची बाजू एकाएकी पुढे यायला निघाली. झाडं, रस्ता, आभाळ, परत झाडं असं सगळं खिडकीतून गेलं आणि गाडी रस्ता सोडून गावातल्या शेतकरी फिडेलच्या कुरणात, उरल्यासुरल्या बर्फात, आल्या दिशेला तोंड करून थांबली. इंजिन बंद पडलं.

वाल्बुर्गाचा हात त्याच्या छातीवर होता. तो कधी गेला ते तिलाही कळलं नाही.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं. तुला लागलं का?"

तिने नकारार्थी मान हलवली. तो पांढराफटक पडला होता.

"मी फक्त जरासा पाय..." तो म्हणाला.

"चारशे घोडे बांधलेत मागे. त्यांना जरासा म्हणजे काय ते कळतं का?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. "तुला माहीत होतं, तर बसलीस कशाला?"

"मग काय घरी फोनची वाट बघत बसू? जानेवारीत बघितली तेवढी पुरे झाली. आणि मांजर नव्हतं ते. मी होते. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आले की रिकाम्या घरात जायला पाय उचलायचा नाही. मग इथे येऊन बसायचे, तुझ्या जागेवर. इथे तुझा वास येतो. माझे पाय पोचत नव्हते, म्हणून सीट ओढली."

गेबहार्डने तिचा हात धरला तो फिडेलचा ट्रॅक्टर येईपर्यंत सोडला नाही.

"तुझा फोन आला तेव्हा वाटलं, एक एप्रिल आहे, बाई थट्टा करतेय," फिडेल दोर बांधता बांधता वाल्बुर्गाला म्हणाला. मग गेबहार्डकडे वळला. "माझ्या गायी मे महिन्यात कुरणात येतात. तुझी फार लवकर आली."

"ओढ मुकाट्याने," गेबहार्ड म्हणाला.

गाडी रस्त्यावर आली. एका बाजूला गवत आणि चिखल माखला होता, बाकी धडधाकट होती. फिडेल निघून गेला. एवढ्या वर्षांत गेबहार्डने ती गाडी कोणाला चालवू दिली नव्हती. सख्ख्या मुलाला नाही, मेकॅनिकलाही नाइलाजानेच. तो चालकाच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि ओल्या रस्त्यावर गुडघा टेकून सीटखालच्या दांडीला हात घातला.

"अरे, छातीला ताण बसेल. काय करतोयस?"

त्याने सीट पुढे ओढली. "एवढी होती?"

वाल्बुर्गाने कोटाच्या बाहीला डोळे पुसले.

"अजून थोडी," ती म्हणाली.

त्याने सीट अजून थोडी पुढे ओढली, वाल्बुर्गाला स्टिअरिंगमागे बसू दिलं, आणि पलीकडच्या दाराने जाऊन तिच्या शेजारी बसला.