कमलबाईंच्या गोळ्या

माझ्या सासूबाईंना सगळं पंतनगर कमलबाई म्हणून ओळखतं. एकतीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. तो आटोक्यात आला, पण गेल्या वर्षी कमरेच्या हाडात पुन्हा दिसला. औषधांवर अजून बरीच वर्षं काढता येतील, असं डॉक्टर म्हणाले. फक्त त्या वर्षांत बसता-उठता येईल का, हे कोणी सांगितलं नाही. आईंना उशी लावून बसवलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. अभ्यासिकेला कुलूप लागलं.

मग डॉ. गंधाली भेटल्या. दुखणं कमी करणं हेच त्यांचं काम. त्यांनी अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, दर चार तासांनी, घड्याळ लावून. सोबत पोट साफ राहायचं औषध. पहिला आठवडा आई पेंगत होत्या. दोनदा डोस बदलावा लागला. तिसऱ्या आठवड्यात त्या कठडा धरून जिना उतरल्या आणि विहारात जाऊन फळा पुसला.

माझा नवरा किरण मात्र त्या गोळ्यांना घाबरला.

त्याला कारण होतं. त्याचा मामा, रतनमामा, एकेकाळी गर्द ओढायचा, तेही अफूपासूनच बनतं. नऊ वर्षांचा किरण आईचं बोट धरून गोवंडीच्या पुलाखाली मामाला शोधत फिरलाय. मामाने घरातला कुकरसुद्धा विकला होता. आता एकोणीस वर्षं झाली, मामाने गर्दला हात लावलेला नाही. स्कूटर दुरुस्तीचं त्याचं गॅरेज आहे. पण किरणच्या डोक्यातून तो पूल गेलेला नाही. त्यात कुणीतरी मोबाइलवर परदेशात अशाच गोळ्यांनी माणसं मेल्याचा व्हिडिओ पाठवला.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्याने आईंचा गोळ्यांचा डबा बॅगेत टाकला. "आईला सांग, दोन दिवस साधी पॅरासिटामॉल घे," मला एवढं म्हणाला आणि मुलुंडच्या ऑफिसला गेला. मी त्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. थोडी भीती मलाही होतीच.

दहा वाजता आईंनी कपाट उघडलं. मी सांगितलं तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. किरणला फोन लावून म्हणाल्या, "डबा घेऊन ये."

"आई, तुला सवय लागतेय ती."

"डबा घेऊन ये, किरण."

त्याने फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत त्यांना एकामागून एक जांभया येऊ लागल्या. नाक वाहत होतं. त्या उकाड्यात अंगावर काटा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या, जुलाब, हातपाय थरथरत होते आणि कमरेतलं दुखणं दुप्पट. किरण दारात उभा राहून बघत होता. चेहरा पांढराफटक.

"बघ ना माधुरी," तो म्हणाला, "मामाला असंच व्हायचं. अगदी असंच."

आणि त्यानेच मामाला फोन केला. आईला समजवायला मामासारखा माणूस नाही, असं त्याला वाटलं.

मामा तासाभरात आला. खाटेजवळ जमिनीवर बसला.

"ताई, गोळी ठरल्यापेक्षा जास्त घेतलीस कधी?"

"नाही."

"लपवून?"

"कशाला लपवू? घड्याळाचा गजर सगळ्या मजल्याला ऐकू जातो."

"आणि घेतल्यावर काय करतेस?"

"वर्गसमीकरणं शिकवते."

मामा किरणकडे वळला. "अंग तसंच कापतं रे, ते मला बघूनच कळलं. पण त्यापलीकडे हिचं आणि माझं काही जुळत नाही. मी गर्दपायी घर सोडलं, ताईला सोडलं, पोरीचं बारसंही चुकवलं. ही गोळी घेऊन अभ्यासिका उघडतेय. तू नीट बघितलंच नाहीस."

"मामा, तू पण..."

"रतन, पुरे," आई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण वर्गातला होता. "तुझं बरोबर आहे. पण मला तुझं सर्टिफिकेट नको आणि ह्याचंही नको. माधुरी, रिक्षा बोलाव. मी दवाखान्यात जातेय. ज्याला यायचं त्याने यावं."

किरण आणि मी सोबत गेलो, मामा घरी थांबला.

डॉ. गंधालींनी आधी आईंना तपासलं, डोस दिला, पडू दिलं. तासाभराने आई उठून बसल्या तेव्हा डॉक्टर किरणशी बोलल्या.

"हे व्यसन नव्हे. शरीराला औषधाची सवय झालीय. एकदम तोडलं की शरीर असं वागतं. स्टेरॉइडच्या गोळ्याही आम्ही एकदम बंद करत नाही. मॉर्फिन कमी करायची वेळ आली तर हळूहळू करू."

"म्हणजे हिला व्यसन लागणारच नाही?"

"तसं वचन मी देणार नाही. काहींना लागतं. म्हणून तर दर पंधरा दिवसांनी बोलावते. जास्त घ्यावीशी वाटते का, दुखत नसतानाही हवीशी वाटते का, तिच्यापायी कामं आणि माणसं सुटतायत का, सगळं विचारते. तसं काही दिसलं तर तोही आजारच, त्यावरही उपचार करू. कमलताईंचं तसं नाही."

किरण म्हणाला, "ठीक आहे. पण डबा मी सांभाळतो. वेळेवर देत जाईन."

"नाही," आई म्हणाल्या.

"आई, काळजीपोटी म्हणतोय."

"माहितेय. काळजीपोटीच तू मला काल दिवसभर लोळवलंस. दुखणं माझं आहे, डबा माझ्याकडे राहील. डॉक्टर विचारतील त्याला मी उत्तर देईन. तू माझा मुलगा आहेस, चौकीदार नाहीस."

घरात आमची चार वर्षांची प्रांजल आहे, म्हणून डॉक्टरांनी डबा कुलपात ठेवायला सांगितला. ते आईंनी लगेच मान्य केलं. किरण ऑफिसातून डबा घेऊन आला. कपाटाला कुलूप लागलं, एक किल्ली आईंकडे. दुसरी त्यांनी मामापुढे धरली. "अडीअडचणीला तुझ्याकडे असू दे."

मामाने दोन्ही हात मागे घेतले. "मला नको, ताई. एकोणीस वर्षं झाली तरी नको. मी त्या कपाटाच्या खोलीत चहासुद्धा पिणार नाही."

तो खरंच उठून बाहेर गॅलरीत गेला. किरण त्याच्या पाठीकडे बघत राहिला, मग आईकडे. दुसरी किल्ली माझ्याकडे आली.

पुढच्या सोमवारी मी आईंना विहारापर्यंत सोडायला गेले. दाराशी शांताबाई उभ्या होत्या. त्यांचा नातू अभ्यासिकेत येतो. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कमलबाई, तुम्ही नशेची गोळी घेता म्हणे?"

"मॉर्फिन घेते," आई म्हणाल्या. "दर चार तासांनी. आत्ता सहा वाजता घेईन, मुलांसमोरच. पोराला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

शांताबाई बाजूला झाल्या. नातू तोवर पहिल्या बाकावर जाऊन बसला होता. आईंनी खडू उचलला आणि मागच्या बाकावरच्यांना पंखा कमी करायला सांगितला.