वाळूबाबाची बादली

शाळेच्या नव्या इमारतीसाठी खणलेल्या चरांभोवती अख्खी वस्ती गोळा झाली होती. वाळूबाबांनी ओली वाळू भरलेली बादली नुकतीच उपडी केली होती. त्या ढिगावर नव्वद किलोचा मुकादम दोन्ही पायांनी उभा होता आणि ढीग जागचा हलत नव्हता!

"कणाला कणाची शपथ घातलीय मी," बाबा डोळे मिटून म्हणाले. "चढवा आता सात मजले. जमीन हूं की चूं करणार नाही!"

लोकांनी हात जोडले. माती तपासणाऱ्या बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. जागा भुसभुशीत वाळूची. पायाखाली प्लास्टिकच्या मजबूत जाळीचे तीन थर अंथरा, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. कंत्राटदाराने जाळी आणलीच नाही, बाबा आणला. बाईंची सही झाली की लगेच काँक्रीट पडणार होतं, आणि याच शाळेत त्यांची सात वर्षांची लेक बसणार होती.

"करा सही," कंत्राटदाराने कागद पुढे केला. "डोळ्यांनी बघितलंत ना?"

"बघितलं. आता माझ्या बादलीत करून दाखवू दे त्यांना. वाळू हीच."

"संशयी माणसाच्या भांड्यात मंत्र टिकत नाही, बाई," बाबा म्हणाले.

"मग संशयी बाईची पोर वर्गात बसली की भिंत पडणार का?"

बाईंनी स्वतःच बादली भरली, ठोकली, उपडी केली. मुकादमाने पाय ठेवताच ढीग ढासळला.

"बघा!" बाबा गरजले.

"बघतेच." बाईंनी गवंड्याची थापी उचलून बाबांच्या ढिगात खुपसली. थापी अडली. बोटं घालून ओढलं, तर मच्छरदाणीचा गोल तुकडा! त्याखाली दुसरा. मग तिसरा, चौथा.

"ते... मंत्रवस्त्र आहे," बाबा पुटपुटले.

"मच्छरदाणी आहे! वर वजन आलं की वाळू बाजूला पळते. जाळी तिला धरून ठेवते. एवढंच आहे ते!" बाईंनी चारही तुकडे लोकांसमोर धरले. "वीतभर ढिगाला तुम्हाला चार जाळ्या लागल्या, आणि आमच्या पोरांच्या शाळेला नुसता मंत्र पुरतो?"

कंत्राटदार लोकांकडे बघून हसला. कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या गवंड्याने फावडं खाली ठेवलं. "जाळी आल्याशिवाय आमचा हात लागणार नाही," तो म्हणाला.

बाईंनी सही न करताच कागद परत केला. "हात कुणाला जोडायचे ते तुमचं तुम्ही ठरवा," त्या लोकांना म्हणाल्या. "पण पोरं ज्यावर उभी राहणार, ते आधी खणून बघा."