सिब्रांडचा वाढदिवस

दर उन्हाळ्याच्या शेवटी त्या तिघी मैत्रिणी स्नेक गावाहून भाड्याची बोट घेऊन निघत आणि कालव्याच्या पाण्याला जितकी घाई असते तितकीच घाई करत वर्कुमपर्यंत जात. आल्टा सुकाणू धरी, लोब्के स्वयंपाक बघे आणि हिस्केकडे दोर बांधण्या-सोडण्याचं काम असे. काठावरच्या गाई माना वर करून बघत, घरांच्या मोठ्या उघड्या खिडक्यांतून आत जेवणारी माणसं दिसत, आणि पूल आला की पूलवाला तो वर उचलेपर्यंत नवऱ्यांची उणीदुणी काढत त्या थांबत. लोब्केनं लग्नच केलं नव्हतं, म्हणून ती नुसती ऐकत असे.

पहिल्या संध्याकाळी वाटेतल्या आयल्स्टला बोट बांधल्यावर हिस्के म्हणाली, "चला, आता सुखाची झोप! आमचा सिब्रांड घोरायला लागला की कपाटातल्या बशा वाजतात."

"हल्ली नाही घोरत तो," बटाटे सोलता सोलता लोब्के म्हणाली.

आल्टा खो खो हसली. हिस्केही हसली, पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकून राहिलं. लोब्केनं मान वर केली नव्हती. गंमत करणारं माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतं तरी.

दुसऱ्या दिवशी सिब्रांडचा वाढदिवस होता. त्या मुलखात वाढदिवस एकट्याचा नसतोच; त्याच्या बायकोचं, आईबापांचं, झालंच तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही हात हातात घेऊन अभिनंदन करतात. सकाळी हिस्के केस नीट विंचरून वर आली. रात्रभर मनात घोळलेला संशय गिळून टाकायला ती तयार होती. लोब्केनं नुसतं 'नवऱ्याबद्दल अभिनंदन' म्हटलं असतं तरी एवढ्या वर्षांचा तिचा संसार तिला जागच्या जागी सापडला असता.

आल्टा हात पसरून पुढे आली, हिस्केच्या बाजूनं तशीच गेली, आणि लोब्केच्या दोन्ही गालांचे मुके घेत म्हणाली, "सिब्रांडबद्दल अभिनंदन गं!" मग वळून तिनं हिस्केचाही हात धरला. "तुझंही अभिनंदन. मैत्रिणीचा नवरा म्हणजे आपलाच माणूस की!"

"ही कसली चेष्टा, आल्टा?"

"चेष्टा? झोपेतच आहेस का अजून? कॉफी घे आधी."

पुढच्या पुलावर पूलवाला म्हातारा, जो दर वर्षी या तिघींना नावानिशी हाक मारायचा, वरून ओरडला, "लोब्केबाई, अभिनंदन! घरधन्याला म्हणावं, आता तरी मासे धरायला शीक!"

"सांगते, सांगते!" लोब्केनं हात हलवला. हिस्केच्या हातातला दोर सुटून पाण्यात पडला आणि आल्टानं तिला वेंधळी म्हटलं.

बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन हिस्केनं सिब्रांडला फोन लावला. तोच आवाज, तोच सकाळचा खाकरा.

"हिस्के होय! आठवण ठेवलीस, बरं वाटलं. वर्कुमला केक घेऊन येतोच आहे मी. लोब्के आहे का जवळ?"

तिनं फोन कानापासून दूर केला. लोब्के ओले हात पुसत आली, तिनं फोन घेतला आणि बोलता बोलता तिचा चेहरा असा मऊ झाला की हिस्केनं नजर वळवली.

"किती दिवस चाललंय हे?" फोन संपल्यावर तिनं विचारलं.

"हिस्के," लोब्के हळूच म्हणाली, "परत सुरू झालं का गं तुझं?"

"त्याच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे. कुठे आहे सांग."

"डाव्या खांद्याखाली. थंडीत खाजतो, मग मी मलम लावते." लोब्केनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू माझं ऐकून ऐकून सगळं मनात साठवून ठेवतेस, हिस्के. एकट्या माणसाचं होतं असं."

त्या हातात जरासुद्धा खोटेपणा नव्हता, आणि हिस्केला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच.

संध्याकाळी वर्कुमच्या धक्क्यावर सिब्रांड उभा होता. हिस्केनं विणलेला निळा स्वेटर त्याच्या अंगात होता. एक बाही जरा लांब झाली होती, ती त्यानं नेहमीसारखी दुमडली होती. त्यानं लोब्केला उतरवून घेतलं, जवळ ओढलं. आल्टानं केकचं खोकं उघडून सगळ्यांना तुकडे दिले. मग सगळे हिस्केकडे बघू लागले, कारण तिचं अभिनंदन तेवढं राहिलं होतं.

हिस्केनं हात पुढे केला. "अभिनंदन, सिब्रांड."

त्यानं तो हातात घेतला. चेहऱ्यावर बायकोच्या मैत्रिणीसाठी ठेवलेलं सभ्य हसू होतं. आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं त्याच्या अंगठ्यानं तिचा तळहात दोनदा दाबला. चर्चमध्ये प्रवचन फार लांबलं की शेजारी बसून तो असंच करायचा. आता घरी जाऊया, एवढाच त्याचा अर्थ असे.

मग हात सोडून तो लोब्केकडे वळला. "निघायचं?"